नायसाय

वुल्व्हरहॅम्प्टनच्या कोर्टात, पायपर्स रोवर,
दुभाष्याची शपथ साधी असते:
पदरचं घालणार नाही, ऐकलेलं गाळणार नाही.
आणि अशील "मी" म्हणाली
की आपणही "मी"च म्हणायचं.
म्हणून २००३च्या मार्चमध्ये, इंग्रजीतून,
चौतीस वर्षांच्या संसारातून
मीच मागितला घटस्फोट.
मराठीतून मागितला वत्सला तावरे यांनी,
ज्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरी मोजायच्या
आणि आकडे मात्र इंग्रजीतच म्हणायच्या.

इंग्रजी मला येतं.
अडतं ते इंग्रजीच्या पोटातल्या त्या जुन्या भाषेशी
जी आता फक्त वकिलांच्या नाकातून श्वास घेते.
पैशांची सुनावणी 'इन कॅमेरा' म्हटल्यावर
वत्सलाबाईंनी पदर सारखा केला,
छताचे चारी कोपरे पाहिले. "कुठंय?"
कुठंच नाही, म्हणाले. कॅमेरा म्हणजे कमरा. दार लावून.
"मग कमराच म्हणावं की माणसानं."
काय म्हणतात त्या, न्यायाधीशांनी विचारलं.
शपथेला जागून सांगितलं.
ते हसले नाहीत. कारकून हसला.

असे शब्द मी वहीत टिपते, पेन्सिलीने.
'सायनी डायी': पुढची तारीख नाही; शब्दशः, दिवसावाचून.
'मेन्स': मन. हे सापडलं त्या दिवशी
परक्या गल्लीत गावाकडची पाटी दिसावी तसं झालं.
'अ‍ॅलिबाय': दुसरीकडे.
साक्ष, पुरावा काही नाही, नुसतं 'दुसरीकडे'.
हणमंतराव तावरे अकरा वर्षं तेच होते,
डडलीत, मॉरीन नावाच्या बाईंच्या घरी.

निकालाला हजर राहायची गरज नव्हती.
पण वत्सलाबाईंना कानांनी ऐकायचं होतं.
रजा टाकून आल्या, पर्समध्ये दोघींपुरत्या दशम्या.
कारकुनाने एकोणीस नावं वाचली. बारावं 'टॅवेअर'.
न्यायाधीशांनी सगळ्यांवर मिळून
एकच वाक्य पांघरलं: डिक्री नायसाय.
दीड मिनिट.
"झालं?"
झालं. म्हणजे, होईल. सहा आठवडे आणि एक दिवस.
"मग आत्ता काय झालं?"
नायसाय. म्हणजे, नाहीतर.
"नाहीतर काय?"

वही चाळली. पुढे काही लिहिलेलं नव्हतं.
वाक्य अर्धं तोंडात धरूनच
ही भाषा मेली असावी.

दशम्या बस स्टेशनवर खाल्ल्या, लसणीच्या चटणीशी.
भाडं देताना त्यांच्या पाकिटातून
नाण्यांबरोबर काळे मणी वर आले.
ड्रायव्हर थांबला. मागची रांगही थांबली.
त्यांनी मणी खाली सारले,
एक पौंड वीस मोजून दिले.

पाचव्या आठवड्यात, बुधवारी, फोन.
हणमंतराव. मॉरीनच्या जिन्यात. हृदय.
वकिलाने सांगितलेलं त्यांना पुन्हा मराठीत हवं होतं:
ती डिक्री आता गळून पडली.
घटस्फोट झालाच नाही.
तुम्ही पत्नीच होतात, आता विधवा आहात,
पेन्शन तुमची, आणि सगळं उरकायचं तेही तुम्हीच.
पलीकडे मशीन फिरल्याचा आवाज येत राहिला.
मग म्हणाल्या,
"म्हणजे ते तुमचं नाहीतर आलं."

स्मशानाच्या ऑफिसात मला बरोबर नेलं.
तिथे शपथ नसते, तासाचे पैसेही नसतात.
फॉर्मवर रकाना: मृताशी नातं.
वत्सलाबाई बराच वेळ पेनाचं टोपण उघडत, लावत राहिल्या,
मग खाली बघून दोन शब्द बोलल्या.
सवयीने मी इंग्रजीत म्हणाले,
मी त्यांची बायको.
टेबलापलीकडच्या बाईने हळूच मान हलवली,
माझ्याकडे टिश्यूचा खोका सरकवला
आणि माझंच नाव विचारलं.